खर्चाचा तपशील

आदरणीय अर्शालुइसबाई,
तुमच्या निधीच्या फॉर्ममध्ये
शेवटून दुसरा रकाना आहे:
'रक्कम कशी वापरली, थोडक्यात लिहा.'
थोडक्यात लिहायला तीन रात्री गेल्या.

लॅपटॉप घेतला, वापरलेला, येरेवानहून.
शिफ्टची कळ अडते, नखानं उचलावी लागते.
त्याची पावती जोडली आहे.
बाकीचं असं आहे
की त्याची पावती कुणी फाडत नाही.

एक दात.
समोरचा, वरचा, डावीकडचा.
मुलाखत पडद्यावर होणार होती
आणि अकरा वर्षं मी ओठ मिटूनच हसत आले.
तुमच्या यादीत 'शैक्षणिक साहित्य' असा शब्द आहे.
त्यात दात बसवता आला तर बघा.

सासूबाईंना दर शुक्रवारी तीन हजार द्राम,
मुलगी सांभाळण्याचे.
आधी त्यांनी हात मागे घेतला, घरच्या पोरीचे कसले पैसे म्हणून.
मग घेतले, मोजून.
मग शुक्रवार आला की विचारू लागल्या,
आज काय शिकवलं?
परवा शेजारणीला सांगताना ऐकलं:
'आमचं सध्या लूप चाललंय.'

लोखंडी डब्याला आतून जाड पुठ्ठा.
हे जरा समजावून सांगते, तुम्ही मार्सेयला असता.
भूकंपानंतर ग्युमरीत घरं मिळेपर्यंत
तात्पुरते म्हणून डबे दिले होते.
मी त्यातच जन्मले.
माझी मुलगीही.
पहिल्याच आठवड्यात मास्तरीणबाई म्हणाल्या,
तात्पुरतं काही ठेवायचं तर त्याला 'टेम्प' म्हणायचं,
काम झालं की ते आपोआप पुसलं जातं.
वर्गात मी एकटीच हसले.
तेव्हा दात बसवलेला नव्हता.

सेरोब, माझा नवरा, रशियात विटा रचतो.
फोनवर म्हणाला, कुणाचं मिंधं व्हायचं नाही.
मी म्हटलं, बरं.
मग रात्रभर त्या शब्दाशी भांडत बसले.
मोज्यांच्या कारखान्यात नऊ वर्षं
मी बोटांकडची शिवण घातली,
रोज चारशे जोड,
मालकानं वर्षाखेरी एक जोड फुकट दिला
तेव्हा आम्ही सगळ्याजणी रांगेत
आभार मानत उभ्या होतो.
तेव्हा तो शब्द कुणालाच आठवला नाही.

फोटो पाठवत नाही, माफ करा.
'लॅपटॉपसह, हसतमुख' असं लिहिलंय.
हसते मी आता. पण पुराव्यासाठी नाही.

खरं तर तुमच्यावर रागावणं जमत नाही.
निवडीच्या पत्राखाली
तुम्ही पेन्सिलीनं दोन ओळी लिहिल्या होत्या,
सही शाईची, ओळी पेन्सिलीच्या,
जणू कुणी विचारलंच तर खोडता याव्यात:
'मीही येरेवानला पंचकार्डं टोचायची.
भोकं माझी, नाव साहेबांचं.'
तो कागद मी पुठ्ठ्यावर डकवला आहे,
वारा जिथून शिरायचा तिथे.

नोकरी लागली.
बसच्या वेळापत्रकाचं ॲप आहे, मोठं काही नाही.
पहिली चूक मीच शोधली:
शेवटची गाडी दहा मिनिटं आधीच निघून गेलेली दाखवत होतं.
किती बाया त्या दहा मिनिटांपायी
थंडीत चालत घरी गेल्या असतील,
गाडी मागून येत असताना.
दुरुस्तीखाली नाव लिहायची जागा असते.
पूर्ण लिहिलं. न्वार्द, आणि वडिलांचं, आणि आडनाव.

उरले एकोणीस हजार.
नियमानं परत करायला हवे होते.
ते शोघेरला दिले, कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर होती ती,
वर्गाला जायच्या गाडीभाड्यासाठी.
तिनं विचारलं, परत कधी करू?
मी काही बोलले नाही.
मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

ता. क. शिफ्टची कळ अजून अडते.
कुठे चुकून लहान अक्षर पडलं असेल
तर तेवढं समजून घ्या.